गजकर्ण समजून लावलेलं मलम

‘गेल्या दोन महिन्यांत अंगावर कुठे रॅश आला होता का? गोल, मोठा?’ इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी सुधीरला विचारलं. सुधीरने माझ्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडायच्या आत मीच ठणकावून म्हणाले, ‘नो. नथिंग.’

मग मॉनिटरकडे बघत डॉक्टर म्हणाले, ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक.’ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. खालचे कप्पे आपल्या मनाने, रेंगाळत चालतात. माझ्या नवऱ्याचे ठोके मिनिटाला चौतीस पडत होते.

रॅश आला होता. मला पक्कं माहीत होतं. तरी मी खोटं बोलले, आणि का बोलले ते लिहून ठेवतेय. माझ्यासारख्या शहाण्या बायका अमेरिकेत पुष्कळ आहेत, त्यांनी वाचावं म्हणून.

चौदा वर्षं आम्ही मिशिगनच्या पूर्वेकडच्या ट्रॉय शहरात होतो. मग सुधीरच्या कंपनीने त्याला पश्चिम मिशिगनमधल्या प्लांटवर पाठवलं. गावात एक सिग्नल, दोन चर्च आणि नजर पोचेल तिथपर्यंत मका. ट्रॉयच्या मराठी मंडळींना आमचं फार कौतुक. ‘निसर्गाच्या कुशीत राहता बाई!’ दर उन्हाळ्यात गाड्या भरून ब्लूबेरी तोडायला यायचे, कोणाच्या तरी लाल कोठाराला टेकून फोटो काढायचे आणि संध्याकाळी निसर्गाच्या कुशीतून एसीत परत जायचे. तोवर मी वीस जणांचे पोहे करून घामाघूम. डास मात्र आम्हालाच ठेवून जायचे.

आणि ते गवत! दोन एकर गवत. जरा वाढलं की टाउनशिपचं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचं, पत्र येतं. ज्या माणसाने नागपुरात कधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्याने इथे बसून चालवायचं मोअर घेतलं, गवती टोपी घेतली आणि अर्ध्या चड्डीत जंगलाच्या कडेपर्यंत गवत कापत सुटला. हरणं माझी मेथी खाऊन जायची. त्यांना हाकलायला हाच झुडपांत शिरायचा.

शेजारचा डेल एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाला, गवतातून आलात की अंग तपासा, इथे गोचिड्या फार आहेत. मी मनात हसले. गोचीड गुरांना लागते, माणसांना नाही, असं मी त्याला इंग्रजीत समजावूनही सांगितलं. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं.

जूनच्या शेवटी सुधीरच्या मांडीच्या मागे लाल गोल उठला. मध्ये फिकट, कडेला लाल. मी एका नजरेत निदान केलं, गजकर्ण! डॉक्टर कशाला? दर भारतवारीत मी मेडिकलमधून त्या तीन औषधं एकत्र असलेल्या मलमाच्या सहा-सहा ट्यूबा आणते. चिठ्ठी लागत नाही, काही नाही. निम्म्या ट्रॉयला माझ्याच ट्यूबा पुरतात. मी मलम लावलं, त्याचा टॉवेल वेगळा केला आणि बजावलं, ‘कोणाला सांगू नकोस.’

कारण आधीच्या वर्षी मी एक शहाणपणा केला होता. भारतातून नवीन आलेलं एक जोडपं ब्लूबेरीच्या सहलीला आलं होतं. त्यातल्या मुलीच्या हातावर गजकर्ण होतं. मी तिला सगळ्यांदेखत वेगळी प्लेट दिली आणि ती गेल्यावर तिच्या स्वच्छतेवर यथेच्छ बोलले. आता तेच माझ्या घरात, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

गोल पसरत पसरत तळहाताएवढा झाला. ना खाज, ना खपल्या. गजकर्णाला खाज येते एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? तीन आठवड्यांनी तो फिका पडला. श्रेय अर्थातच मी घेतलं.

जुलैत सुधीर म्हणायला लागला, थकल्यासारखं वाटतंय. मग जिना चढताना दम लागला. मग चक्कर. बाहेर बत्तीस डिग्री आणि फोनवर सरकारी इशारा, घराबाहेर पडू नका म्हणे! मी नागपूरची. सत्तेचाळीस डिग्रीत कॉलेजला सायकलवर गेलेली. ‘याला ऊन म्हणतात का रे? लाज वाटू दे जरा,’ असं म्हणत मी त्याला पन्हं पाजलं, खिशात कांदा कोंबला आणि गवत कापायला पाठवलं. स्वतःच्या हाताने पाठवलं.

त्या शनिवारी ट्रॉयहून मंदाकाकू आणि काका आले होते. काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यांत मानाच्या बाई. त्यांच्या डोळ्यांदेखत सुधीर मोअरवरून उतरला, दोन पावलं चालला आणि कोसळला. अँब्युलन्स आली तर तिच्यातून डेलच उतरला. इथे गावातलेच लोक हे काम फुकट करतात, हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. सुधीरच्या खिशातला कांदा बाहेर काढून त्याने विचारलं, ‘हे काही औषध आहे का?’

चाळीस मिनिटांवरच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला नेलं. तिथे तो रॅशचा प्रश्न आला तेव्हा मंदाकाकू माझ्या शेजारी, माझी पर्स धरून उभ्या होत्या. म्हणून ‘नो’. सुधीर का बोलला नाही? एक तर त्याला धड शुद्ध नव्हती. आणि अठ्ठावीस वर्षं डॉक्टरांपुढे त्याच्या वतीने मीच बोलते. त्याला काय होतंय ते त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, असा माझा समज.

रविवारी त्याच्या मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत तार घातली. हा टेम्पररी पेसमेकर. मशीन बाहेर, पलंगापाशी, आणि ते तारेतून ठोके देत राहतं. एको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अँजिओग्राफी झाली, म्हणजे रंग सोडून रक्तवाहिन्या तपासल्या. सगळं स्वच्छ. मग हृदय बिघडलं कशानं?

वेटिंग रूममध्ये टीव्हीवर कोणीतरी रेसिपी दाखवत होतं. फोनवर सल्ल्यांचा पाऊस. एकीने अर्जुनारिष्ट सांगितलं, एकाने ‘स्ट्रेस असेल यार’ असं निदान पाठवलं. कॅलिफोर्नियाहून मुलीचा फोन, ‘मम्मा, जस्ट टेल देम एव्हरीथिंग, ओके?’ मी म्हटलं, सांगितलंय गं सगळं.

सोमवारी सकाळी हृदयाच्या विजेच्या डॉक्टर आल्या. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, केस विस्कटलेले. मनात आलंच, ही पोरगी काय सांगणार! ती म्हणाली, ‘उद्या कायमचा पेसमेकर बसवू. छातीत, कातडीखाली. काही वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा ऑपरेशन, आणि असं जन्मभर. लाइम नावाच्या आजाराची ब्लड टेस्ट पाठवली आहे, पण रिपोर्टला काही दिवस लागतील. रॅश नाही, गोचीड चावल्याचं आठवत नाही, म्हणून त्यासाठी थांबत नाही.’ कागद पुढे करून ती जरा घुटमळली. ‘छप्पन्न वर्षांच्या माणसात कारण न कळता हे बसवायला मला आवडत नाही.’

पेन माझ्या हातात होतं. सुधीर गळ्यातली तार सांभाळत छताकडे बघत होता. मंदाकाकू कोपऱ्यात डबा उघडत होत्या.

मी म्हणाले, ‘रॅश होता.’

डॉक्टर वळली. मी म्हणाले, ‘मांडीवर. गोल. मला रिंगवर्म वाटलं. मी क्रीम लावलं. मी लपवलं.’ एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मलमाचा गुण किती येतोय ते बघायला मी दर दोन दिवसांनी फोटो काढले होते. ते तिला दाखवले. तिने फोटो मोठा केला आणि खुर्ची ओढून बसली.

‘हे गजकर्ण नाही,’ ती म्हणाली. ‘लाइम डिसीज. गोचीड चावते, जंतू रक्तात शिरतात, आधी असा गोल उठतो. तेव्हाच गोळ्या दिल्या तर बहुतेकदा तिथेच थांबतं. नाही दिल्या तर काही जणांच्या हृदयापर्यंत जातं. त्याला लाइम कार्डायटिस म्हणतात. तुमच्या क्रीममध्ये स्टेरॉइड आहे. त्याने लाली दबते, जंतू मरत नाहीत.’ मग म्हणाली, ‘अँटिबायोटिकने हा ब्लॉक बऱ्याचदा पूर्ण जातो. उद्याचं ऑपरेशन मी कॅन्सल करते.’

‘तुम्हाला शनिवारीच आठवलं होतं?’ तिने शांतपणे विचारलं.

‘हो.’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली आणि ऑर्डर लिहायला गेली. मंदाकाकू माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या हळूच म्हणाल्या, ‘अगं, तू दिलेली ट्यूब मीही वापरते. मी तरी कुठे कोणाला सांगितलं?’ आणि माझ्या हातात पोळीभाजी ठेवली. ज्या बाईच्या धाकाने मी नवऱ्याचा जीव टांगणीला लावला, तिची ही कथा!

दुपारीच सेफ्ट्रायाक्सोन सुरू झालं. हे शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक. मंगळवारी काहीच फरक नाही. बुधवारी नाही. मी मॉनिटरसमोर बसून, ज्यांची आरतीही येत नाही अशा देवांनाही आठवून पाहिलं. गुरुवारी लाइमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याच दिवशी डॉक्टरने ईसीजीची पट्टी दाखवली. वरचे आणि खालचे कप्पे पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले होते, उशिराने का होईना. ते अंतर रोज कमी होत गेलं. पुढच्या सोमवारी मानेतली तार काढली. सुधीरचं हृदय आपलं आपण चालत होतं, मिनिटाला अडुसष्ट.

घरी निघताना डॉक्टर म्हणाली, ‘उत्तर तुमच्या फोनमध्ये होतं. दाखवलंत ते बरं केलंत.’ मला ते कौतुक घेववेना. दोन दिवस उत्तर पर्समध्ये घालून बसलेल्या बाईचं कसलं कौतुक? त्या विस्कटलेल्या केसांच्या पोरीचे उपकार मात्र मी विसरणार नाही. आणि डेलचेही. आम्ही हॉस्पिटलात असताना त्याने आमचं दोन एकर कापून ठेवलं होतं.

तुमच्यापैकी कोणी गवताजवळ राहत असेल तर एवढंच ऐका. गोल दिसला की डॉक्टरला दाखवा, मलम कचऱ्यात टाका, आणि विचारलं की खरं सांगा. मंडळ काय म्हणेल ते मंडळाला म्हणू द्या.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं बाथरूममध्ये, सगळे दिवे लावून, कपडे उतरवून एकमेकांना तपासतो. पन्नाशी उलटलेली, पोटं सुटलेली दोन माणसं. प्रणय वगैरे काही नाही हो, मी चष्मा लावून त्याच्या काखा बघते. गेल्या मंगळवारी माझी पाठ बघताना तो थांबला. ‘आहे एक,’ म्हणाला. ‘खसखशीएवढी.’

त्याने चिमटा आणला. मी बेसिनला धरून उभी होते आणि मला एकाएकी रडू फुटलं. सगळं अंग हलायला लागलं.

‘सुधीर, मी मारलं असतं रे तुला.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘पण पहिले हलू नकोस.’