वाढत्या अंगाची सायकल

समस्त सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कळमनुरीच्या आमच्या गल्लीत कोणत्या लेकराला मोठी सायकल कधी घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या लेकराच्या आईबापांना नव्हता. सायकल विकणाऱ्यालाही नव्हता. सायकल विकणारा म्हणजे मी. अधिकार होता माझ्या समोरच्या दुकानातल्या शिंप्याला. त्यांना सारं गाव मास्टर म्हणायचं.

तुम्ही हसाल. माझ्या जागी बसून बघा म्हणजे कळेल. बाजाराच्या दिवशी एखादा बाप पोराला घेऊन यायचा. पोराचे गुडघे जुन्या सायकलच्या हँडलला घासून सोललेले. मी वरची कोरी सायकल खाली घ्यायचो, फडक्यानं पुसायचो, घंटी वाजवून दाखवायचो. पोराचे डोळे चमकायचे, बाप विरघळायचा, आणि मग म्हणायचा, "थांबा शेठ, जरा मास्टरला दाखवून येतो."

संपलं!

मास्टर मशीनवरून उठायचे नाहीत. गळ्यात टेप असायची, पण तिला हात लावायचे नाहीत. दातांत दोरा धरून, डावा डोळा मिटून पोराला घोट्यापासून केसांपर्यंत बघायचे. मग दोरा तोडून निकाल द्यायचे, "गुंजाइश हाय अजून. सीट वर घ्या."

म्हणजे माझ्या नशिबी सायकलऐवजी सीटची दांडी.

"मास्टर," मी इकडून ओरडायचो, "माझ्या पोटावर काहून पाय देऊन राहिले?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. "तुमच्या पोटात तर बिल्कुल गुंजाइश न्हाई, शेठ. शर्टाची बटनं बघा."

हा अधिकार त्यांना कसा मिळाला, तर शाळेच्या पॅन्टींमुळे. वाढत्या अंगाचं शिवायचं, ही आपल्याकडची रीत. मास्टर पॅन्टीच्या तळाशी भरपूर कापड दुमडून आत दाबायचे. शाळा सुरू व्हायच्या आधी आया पॅन्टी घेऊन रांगेत, आणि मास्टर एकेक दुमड उसवून पाय लांब करून देणार. कोणाचं पोरगं वर्षात किती वाढलं हे त्यांना आयांच्या आधी कळायचं. आणि ज्याला पाय कळतो त्याला सायकल कळते, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं.

चुका व्हायच्या, ढीगभर व्हायच्या. एका गुरुजींच्या मुलीला त्यांनी इतके दिवस लहान सायकलवर ठेवलं की ती भर बाजारातून बेडकासारखे गुडघे फाकून जायची. एका पोराला घाईनं मोठी सायकल द्यायला लावली, तर ते ब्रेक सोडून घंटीच वाजवत सरळ हळदीच्या उघड्या पोत्यांत घुसलं. मास्टर म्हणाले, "चला, लग्नाआधी हळद तरी लागली!" गल्ली हसली, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहिली.

आता त्यांच्या घरातलं सांगतो.

मास्टरची मुलगी त्यांच्याजवळच राहायची. जावई कामाला म्हणून पुण्याकडे गेला आणि तिकडचाच झाला. तिचा एकुलता एक मुलगा समीर. समीर आईच्या वडिलांना नाना म्हणायचा आणि शाळा सुटली की त्यांच्या मशीनशेजारी बसून काजाबटण करायचा. पोरगं हुशार, बोलायला गोड. फक्त उंचीला कमी. पहिली-दुसरीपर्यंत कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. पाचवी-सहावीत त्याचे सोबती माझ्याकडून एकापाठोपाठ एक मोठ्या सायकली घेऊन गेले आणि समीर त्याच चिमुकल्या सायकलवर राहिला. त्याचे गुडघे हँडलला कधी लागलेच नाहीत.

 एकदा माझ्यासमोरच त्याची आई मास्टरना म्हणाली, "अब्बा, एकदा नांदेडला दाखवून येऊ. सगळ्यांची लेकरं मोठ्या सायकलीवर गेली."

"तुझं लेकरू काय वाढून न्हाई राहिलं?" मास्टरनी खुंटीवरची समीरची शाळेची पॅन्ट काढून तिच्यासमोर धरली. "घाल रे ही. बघ! गेल्या साली टाचेवर होती, आता घोटा उघडा पडला. वाढलं का न्हाई? आमच्या खानदानातली पोरं उशिरा वाढतात. मी बी असाच होतो."

तिनं वाकून तो उघडा घोटा पाहिला. दोन बोटं लावून पाहिली. आणि हसली. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मास्टरही तिच्याकडे बघत राहिले, गिऱ्हाईक दारात उभं होतं तरी.

पुढल्या वर्षी तेच. पॅन्ट पुन्हा आखूड, आई पुन्हा निश्चिंत. आणि एके दिवशी मास्टर स्वतः रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"शेठ, समीरसाठी बावीस इंची काढा."

"मास्टर, पाय पोचायचा न्हाई त्याचा."

"पोचंल. वाढत्या अंगाची घ्यावी."

मी सीट पार खाली बसवली. पाय पोचला नाही. मग त्यांनी सुताराकडून लाकडाचे ठोकळे करून आणले आणि पेडलवर बांधायला लावले. ठोकळे बांधल्यावर पाय पोचला. गल्लीनं टाळ्या पिटल्या, आई दारातून बघत होती, आणि समीर मान ताठ करून निघाला. मोठ्या सायकलवर बसल्यावर तो आणखीच लहान दिसत होता. हे माझ्या मनात आलं. मास्टर मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होते.

ठोकळे काय, रबरानं बांधलेले. नववीत असताना उतारावर एक फिरला, आणि समीर डांबरी रस्त्यावर हातावर पडला. मनगट सुजून भोपळा झालं. जीपवाला माझ्या ओळखीचा म्हणून मीच त्यांना नांदेडला नेलं.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. मग विचारलं, "वय किती म्हणालात?"

आईनं सांगितलं.

"मोडलं ते जुळेल. पण हे हाड चौदा वर्षांच्या मुलाचं नाही. फार लहान मुलाचं दिसतं. याची वाढच होत नाहीये. आधी कोणाला दाखवलं नाही?"

"वाढत व्हता की साहेब," ती म्हणाली. "थोडा थोडा, पण वाढत व्हता. दरसाल पॅन्ट आखूड व्हायची."

डॉक्टर गोंधळले. "आखूड व्हायची?"

समीर प्लॅस्टर घालायची वाट बघत बसला होता. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "नाना खालून कापायचे. मला म्हणायचे, अम्मीला सांगू नको."

 मास्टर नेहमीसारखे दुकानातून तसेच उठून आले होते. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि मुठीत चुरगळून खिशात कोंबली. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, औषधं आहेत, सुरू करू, थोडा फरक पडेल. पहिली-दुसरीतच आणायला हवं होतं. गेलेली वर्षं आता भरून निघायची नाहीत.

परतताना मास्टर माझ्यासोबत जीपच्या मागच्या बाकावर होते. वाटेतलं डोंगरकडा गाव मागे पडलं. मग म्हणाले, "ती हासायची, शेठ. पॅन्ट बघून हासायची. आणखी एक साल, आणखी एक साल, असं करून राहिलो."

मी जीपवाल्याला म्हणालो, जरा हळू घे, पोराच्या हाताला धक्के बसतात. 

त्यानंतर मास्टरनी कोणत्याही पोराकडे डोळा मिटून बघितलं नाही. कोणी लेकरू घेऊन आलं की मशीनचं चाक फिरवत म्हणायचे, "डॉक्टरला दाखवा." लोकांना वाटायचं मास्टर थट्टा करतायत. मुलगी त्यांना दोन्ही वेळ जेवायला वाढायची, औषध द्यायची, त्यांच्याशी बोलायची मात्र नाही. समीर औषधानं थोडा वाढला. अकरावीला गेला तेव्हा बाकावर पहिल्या ओळीत बसायचा आणि नवीन पोरं त्याला कोणाचा धाकटा भाऊ म्हणून विचारायची.

मास्टर गेल्या उन्हाळ्यात गेले. तिसऱ्या दिवशी फातेह्याला, त्यांच्यासाठी दुआ मागायला, आम्ही सगळे त्यांच्या दारासमोर सतरंजीवर बसलो होतो. बायका आत, दाराला पडदा. प्रत्येक जण काहीतरी चांगलं आठवून बोलत होता. हळदीचा किस्साही निघाला, लोक डोळे पुसत हसलेसुद्धा. शेवटी ते गुरुजी, ज्यांची मुलगी बेडकासारखी सायकल चालवायची, उठून उभे राहिले. 

"काही म्हणा," ते म्हणाले, "या गल्लीतलं प्रत्येक लेकरू मास्टरच्या नजरेखाली वाढलं."

पडद्याच्या आतून मुलीचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"माझं सोडून."