गजभियेंचा पाऊस

नव्या मशीनवर त्या दिवशी चोवीस मिलिमीटर पाऊस पडला होता, जुन्या मशीनवर दोनशे चाळीस. फाइल तीच, प्रोग्राम तोच, तारीखही तीच.

आर्वीच्या बाजूला एका धरणाच्या ऑफिसचं हे काम. पडलेल्या पावसावरून धरणात किती पाणी येईल हे सांगणारा प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये होता. फोर्ट्रान म्हणजे आकडेमोडीची म्हातारी भाषा. जुनं मशीन शेवटच्या घटका मोजत होतं, म्हणून प्रोग्राम नव्या मशीनच्या युनिक्स सिस्टिमवर न्यायचा. यालाच पोर्टिंग म्हणतात. दोन दिवसांत होईल, असं मी साहेबांना सांगून बसले होते.

कंपाइल झालं, म्हणजे प्रोग्राम नव्या मशीनच्या भाषेत उतरला, एरर नाही. पण उत्तरं जुळेनात. तीही सगळी नाहीत. तेवीस, सत्तेचाळीस, एकशे एकसष्ट बरोबर; मध्येच एखादा दिवस दहापटीनं खाली. ते भाषांतर करणारा कंपायलर बदलून पाहिला, फाइल पुन्हा कॉपी केली, एकदा तर मशीनच बंद करून चालू केलं. डोकं चालेना. शेवटी फाइल उघडली. रोजच्या पावसाच्या आकड्याला तीन खण, आणि काही ओळींत आकडे डावीकडे सरकलेले. दोन, चार, पुढे रिकामं.

"डेटा चुकलाय ना? मग तसं लिहून द्या," साहेब म्हणाले.

दिलं लिहून. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ती फाइल भरायचे गजभिये. महिनाअखेरीला रिटायर होणारे, सगळ्यांचे काका. माझ्या चार ओळींवर साहेबांनी त्यांच्या नावाचा मेमो टाइप करायला दिला. जाता जाता सर्व्हिस बुकात शेरा पडणार होता.

पण मला चैन पडेना. डेटा चुकीचा, तर जुना प्रोग्राम बरोबर कसा? दोनशे चाळीसच्या त्या दिवशी पुलावरून पाणी गेल्याचं सगळ्या ऑफिसला आठवत होतं. मी गजभियेंच्या टेबलाशी गेले.

"काका, दोनशे चाळीस टाइप करून दाखवता?"

त्यांनी दोन दाबला, चार दाबला, स्पेस दिली.

"आणि शून्य?"

"तो टाकत नसतो जी म्याडम. मी लागलो तवा मोठ्या बाबूनं सांगतलं, शेवटचा शून्य मशीन समजून घेते. तवापासून तसंच करून राह्यलो." मग हळूच म्हणाले, "काऊन, मेमोत तेच हाय का?"

मी माझ्या टेबलाशी येऊन दोन्ही मशीनची मॅन्युअलं काढली. जुनं फोर्ट्रान रिकाम्या खणाला शून्य मानायचं. नवा कंपायलर रिकामा खण सोडून देत होता. फाइल उघडण्याच्या ओळीत 'रिकामं म्हणजे शून्य' एवढं सेटिंग टाकलं. सगळे दिवस जुळले.

"मग चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. तेही लिहून देते."

मेमो फाडला गेला. संध्याकाळी गजभिये दाराशी आले. "आता शून्य टाकू का मंग?"

"नका टाकू काका. याही मशीनला आता समजतं."

तेव्हापासून कुठलाही जुना प्रोग्राम हातात घेतला, की कोडच्या आधी मी तो डेटा भरणाऱ्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसते.