गजानन महाराजाच्या पलीकडं

साळूबाईनं ते भांडण भिंतीआडून ऐकलं होतं, चूल फुंकता फुंकता. चाळीस वर्षं झाली असतील. बाहेर ओट्यावर दोघं भाऊ बसलेले, अन् आवाज असा की दावणीचे बैल कान टवकारत होते.

"अरे पुंडलिका, चिकलठाण्याला प्लॉट घे. कंपनी तिथंच हाय तुझी. सायकलसुदीक लागायची नाय," थोरले आप्पासाहेब सांगत होते.

"नाय दादा. घेतला तर शहरातल्या त्या नव्या वस्तीतच घेणार. पाटीवर पुंडलिकनगर लिहिलंय. लोक म्हणतील, गड्यानं सोताच्या नावाचं नगर वसवलं."

"नाव पाहून कुणी जागा घेतं व्हय रं येड्या? बायको करताना काय पाहिलं होतं तू?"

"तवा तुमीच पाहिली होती."

आत सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी साळूबाईला कोपरानं ढोसलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "पोरी, तुझं कसं व्हायचं गं? कुणी इचारलं कुठं राहती, तर काय सांगशील?"

साळूबाईही हसली. तेव्हा ते हसण्यावारीच गेलं.

बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, हे तिला आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. उखाण्यात घेतलं तर चालतं. तिथं चार बायका 'नाव घे, नाव घे' म्हणून मागं लागतात, तेव्हा दोष लागत नाही. आपण होऊन मात्र तोंडातून काढायचं नाही. गावात याची कधी अडचण आली नाही. 'भागवतचे वडील' म्हटलं की भागायचं. पण पुंडलिकरावांनी हट्टानं शहरातल्या त्याच वस्तीत प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, आणि साळूबाई नवऱ्याच्या नावात राहायला गेली.

जाणं सोपं होतं, निघणं अवघड. घराबाहेर पडलं की परत कसं यायचं, हा प्रश्न. रिक्षावाला विचारी, "कुठं?" दवाखान्यातली बाई विचारी, "पत्ता?" रेशनवाला मान वर न करता विचारी, "कोणता भाग?" साळूबाईच्या जिभेला तिथं येऊन कुलूप लागायचं. म्हणून तिनं दोन किल्ल्या करून ठेवल्या. एक म्हणजे लाइटचं बिल. चार घड्या घालून पिशवीत ठेवायची, कुणी पत्ता विचारला की पुढं करायची. मतदान केंद्रावरल्या साहेबानं एकदा विचारलं, "आजी, बोलता येत नाही का?" ती म्हणाली, "बोलता लई येतं बाबा, तू वाच की." आणि दुसरी, गजानन महाराजाचं मंदिर. "गजानन महाराजाच्या पलीकडं" म्हणायचं, मंदिर आलं की डावीकडं, उजवीकडं हात करत घरापर्यंत न्यायचं. गुलमंडी बाजाराच्या नाक्यावरचे जुने रिक्षावाले तर तिला पाहूनच म्हणायचे, "काकू, पलीकडं ना?"

"व्हय, पलीकडं."

मधे शहराचंच नाव बदललं. कुणी जुनं म्हणायचं, कुणी नवं, टपरीवर चहा गार होईस्तोवर वाद चालायचे. साळूबाई दोन्ही नावं खुशाल घ्यायची. दोन्हींत तिचा नवरा नव्हता.

पुढं घरावर मजला चढवला, तिथं बिहारकडचे भाडेकरू आले, कंपनीत कामाला. त्यांच्या तोंडी चिकलठाण्याचं चिकलथाना, वाळूजचं वालुज, पैठणचं पैथन. आणि या घराचा पत्ता ते फोनवर ओरडून सांगायचे, "पुंडरिक नगर! पुंडरिक!" भागवतची पोरगी प्रेरणा, कॉलेजात जाणारी, हसून हसून लोळायची. मग तिच्याच डोक्यात आलं.

"आजी, तू पण पुंडरिक म्हण ना. ते काय आजोबांचं नाव नाहीये. सुटलीस तू!"

"आगं, म्हणीन की. पण मनात कोण असंल तवा? देव काय बहिरा हाय, का खुळा?"

"मग काय जन्मभर बिल दाखवत फिरणार?"

"फिरतेच की. दुसरं काय करते?" असं म्हणून साळूबाई शेंगा निवडायला लागली. पण त्या दिवशी तिनं मान वर केली नाही.

वैशाखातली दुपार. वरचे भाडेकरू कामावर, गल्लीतले निम्मे लोक लग्नाला गेलेले, उरलेल्यांची दारं बंद, आत कूलरची घरघर. पुंडलिकराव पाणी प्यायला उठले आणि तांब्यासकट खाली आले. तोंड एका बाजूला गेलं, उजवा हात लुळा पडला. साळूबाईनं हाका मारल्या, शेजारची कडी वाजवली, जिन्यात उभी राहून ओरडली. कूलर ऐकेनात. भागवत जालन्याला, फोन लागेना. प्रेरणा परीक्षेला, तिचा फोन बंद.

फ्रिजवर प्रेरणानंच एका दवाखान्याच्या गाडीचा नंबर चिकटवून ठेवला होता. साळूबाईनं एकेक आकडा बोटानं दाबला. पलीकडून एक पोरगी बोलली, हिंदीत.

"आंटी, एरिया बताइए."

"गजानन महाराज के मंदिर के उस बाजू."

"कौन सा मंदिर? गजानन महाराज के तो कितने मंदिर हैं. एरिया का नाम बोलो ना."

"तू गाडी भेज बेटा, मैं रस्ते पे खडी रहती."

"कौन से रस्ते पे आंटी? नाम बोलो, तभी निकलेगी गाडी."

"नाव नाही ले सकती मैं. मालक का नाव है वो."

"किसका? हेलो? आंटी, जल्दी बोलो."

पिशवीतलं बिल साळूबाईच्या हातात होतं. पण फोनवर बिल कुणाला दाखवायचं? खाली तिचा माणूस घरघरत होता. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य आपल्या तोंडानं तोडलं, नाही घेतलं तर ते समोर फरशीवर चाललंच होतं. दोन्हीकडून भिंत. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, आणि एवढ्या वर्षांत प्रथमच तिला वाटलं, त्या दिवशी चुलीपुढून उठून बाहेर जायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, आप्पासाहेब म्हणतात तेच खरं, चिकलठाण्याला घ्या.

पुंडलिकरावांचा डावा हात हलला. त्यांनी तिच्या पातळाचा काठ धरला. वाकड्या तोंडातून शब्द निघता निघेना.

"घे…"

"काय घेऊ? पाणी?"

"नाव… नाव घे."

लग्नात करवल्या म्हणतात तसं. साळूबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. फोन तोंडाजवळ धरला, आणि मांडवात म्हटला होता तोच उखाणा, तशाच चालीत म्हटला.

"तांब्याच्या कळशीला चिंचेनं घासते, पुंडलिकरावांचं नाव घेते अन् कोपऱ्यात हासते!"

"आंटी, आप गाना गा रहे हो?"

"त्यांच्याच नावाचं नगर, माय! आता तरी पाठव गाडी!"

"अच्छा, पुंडरिक नगर!"

"तेच! तेच ते!"

बाकीचा पत्ता तिनं बिलावरून एकेक अक्षर लावत वाचला. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण त्या दिवशी पुरली.

गाडी आली. पुंडलिकराव वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले ते खाटेवरच, उजवी बाजू गेलेली. आता साळूबाईचं बाहेर पडणंही गेलं. सकाळी अंग पुसायचं, दुपारी भरवायचं, संध्याकाळी कूस बदलायची. त्याच दोन खोल्या, तेच नाव. खाटेशी बसून ती मनातल्या मनात हिशेब करी, आपल्या एका बोलण्यानं यांचे किती दिवस गेले असतील? महिना? वरीस? उखाण्यातला दोष लागत नाही हे खरं. पण शेवटी ते 'त्यांच्याच नावाचं नगर' आपण होऊनच म्हटलं की. पुंडलिकरावांना तिचा चेहरा वाचता यायचा. कधी तरी दुपारी ते एक एक शब्द गोळा करून म्हणायचे, "घासते… हासते…" आणि वाकड्या तोंडानं हसायचे. साळूबाई म्हणायची, "गप बसा. लाज नाय का?"

आयुष्य काही त्यांचं कमी झालं नाही. ते अजून आहेत, भागवत त्यांचं करतो. साळूबाईच गेली, ज्येष्ठात, चार दिवसांच्या तापानं. त्याआधीचा पाडवा तिचा शेवटचा बाजार ठरला, पण तिला ते कुठं ठाऊक? दर पाडव्याला ती गुलमंडीतून त्यांच्यासाठी दोन पांढऱ्या टोप्या आणायची. खाटेवरच्या माणसाला टोपी कशाला, असं भागवत म्हणाला. "पाडवा हाय ना?" एवढंच बोलून, प्रेरणाला त्यांच्याजवळ बसवून ती निघाली.

दुकानात दोन टोप्या उलटसुलट करून पाहिल्या, शिवण ओढून पाहिली, पिशवीत बिलाशेजारी ठेवल्या. नाक्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. नवा रिक्षावाला, बाहेरगावचा.

"कहाँ जाना है, माँजी?"

"गजानन महाराजाच्या पलीकडं."

"पुंडरिक नगर?"

साळूबाई रिक्षात बसली, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली.

"तू चाल तर. मंदिर आलं की सांगते."

मंदिर आलं. तिनं डावीकडं हात केला.