पिंजाऱ्याची तात

माझे सासरे कीर्तनकार. आवाज असा, की ओसरीवरून हाक मारली तर गल्लीतली गाय वळून बघायची. "अगं ए, ऐकलंस काऽ?" ही त्यांची रोजची हाक. 'ऐकलंस'वर आवाज चढायचा आणि 'का'वर हळूच वळण घेऊन खाली यायचा. आतून सासूबाई तेवढ्याच सुरात, "आले हो, आले!" मला हसू आवरायचं नाही.

मग त्यांच्या घशाचा आजार निघाला. आम्ही सगळे मुंबईला गेलो, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला.

घरी परतल्यावर ते टाळ्या वाजवून बोलवू लागले. सासूबाई भडकल्या. "मी काय पाखरू आहे, टाळ्या वाजवून उडवायला?" जायच्याच नाहीत. रडायचं नव्हतं म्हणून संतापायच्या, हे मला दिसत होतं. सासरे भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण म्हणजे दोन घास. माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता.

एक दिवस त्यांनी खुंटीवरच्या सारंगीकडे बोट दाखवलं. अठ्ठेचाळीसच्या पोलिस अ‍ॅक्शननंतर शहर सोडून गेलेल्या एका सारंगीवाल्यानं ती त्यांना दिलेली, थोडीफार शिकवूनही. मी खोळ काढली, तर मुख्य तारा गायब! आम्ही मुंबईत असताना उंदरांनी फस्त केलेल्या.

"उंदीर तारा खातात होय?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी आधी पोटावर बोट फिरवलं, मग डोक्याला दोन बोटांची शिंगं केली.

"बोकडाची आतडी? माझ्या देवघराच्या भिंतीला?"

"इतकी वर्षं होतीच की," मी म्हटलं. "आणि कीर्तनातल्या मृदंगाला काय केळीचं पान लावलंय?"

"मृदंग देवाचा. आणि तू जास्त बोलू नकोस."

मी क्रांती चौकातून पोलादी तार आणली. गज फिरवला की ती नुसती किंचाळायची. सासऱ्यांनी गज ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मला धडकीच भरली.

थंडीत गल्लीत पिंजारी आला. आमच्या गाद्यांचा कापूस पिंजताना त्याच्या कमानीची दोरी टुंग टुंग वाजत होती. विचारलं तर म्हणाला, बकरीची तात, म्हणजे आतड्याचीच दोरी. मी त्याला हाताला धरायचं तेवढं बाकी ठेवून ओसरीवर नेलं. सारंगी बघून तो म्हणाला, "कमान की तात मोटी है बाई, बाजे कू बारीक होना. पाचोड का बकरों का बाजार होने दो, बना देतूं."

बाजारानंतर त्याच्या घरी गेले, पदर नाकाला लावूनच. त्याची बायको धुतलेलं आतडं बोथट सुरीनं खरवडत होती. मग त्याचे ओले, पांढरे पदर तिनं अंगणात या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणले. एका बोकडाच्या पोटात एवढं? संपता संपेना! पीळ बसत गेला तसं ते आकसून चिवट झालं. सावलीत वाळल्यावर पुन्हा गेले, तेव्हा तिनं ते नखानं छेडलं. काय तो गोल आवाज! माझा पदर केव्हा खाली आला, कळलंच नाही. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात; इथं तर बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या जनावराच्या पोटात सूर. मी वेड्यासारखी बघतच राहिले.

नव्या तातीनं बरेच दिवस पिडलं. लावली की उतरायची. सासरे कपाळाला आठ्या घालून पिळत बसायचे, पण जेवायला उठू लागले. सासूबाई मात्र सारंगीकडे ढुंकून बघायच्या नाहीत.

मग एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. सासूबाई कणीक मळत होत्या. ओसरीवर सारंगी वाजली. जेमतेम चार-पाच सूर. शेवटी आवाज चढला आणि हळूच वळण घेऊन खाली आला.

"आले हो, आले!"

सासूबाई कणकेच्या हातानं ओसरीवर पोचल्यासुद्धा. मग त्या थबकल्या. सासरे गज धरून त्यांच्याकडे बघत होते, डोळे काठोकाठ. त्यांनी पुन्हा तेच वाजवलं, जरा हळू.

सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. कणकेचं बोट त्या तातीला लावून बघितलं.

"ऐकलं हो," त्या म्हणाल्या. "ऐकलं."