कंपास सर आणि सत्तेचाळीस नंबर

कंपास सर कोऱ्या कागदाच्या पाठीवर आधी शाईचे तीन ठिपके देत, शेजारी नंबर घालत, आणि मगच कागद उलटा करून चित्राला हात लावत. चित्र चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून ही व्यवस्था. आता आमच्या नंदुरबारात मिरची चोरीला जाते, मोटरसायकल जाते, आमच्या गल्लीतून तर एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी गेली. पण काळ्या शाईचे त्रिकोण-चौकोन कोण चोरणार, असं मी त्यांना एकदा विचारून बसलो. सरांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू काबरं इचारी ऱ्हायना?" तेव्हापासून त्यांची माझ्यावर नजर होती.

माझं फ्रेमचं दुकान आहे. देव, गेलेली माणसं आणि मुलांची प्रमाणपत्रं, एवढ्यावर ते चालतं. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पत्र्याची कंपासपेटी, त्यावरून पोरांनी नाव ठेवलं आणि ते गावाने उचललं. वर्गात आणि चारचौघांत सर अगदी पुस्तकी मराठी बोलत. संशय आला की मात्र अहिराणीवर घसरत. त्यामुळे समोरच्याला आपली पत काय आहे हे पहिल्या वाक्यातच कळायचं.

निवृत्तीनंतर ते दिवसभर चित्रंच करत. काळी शाई, पट्टी, कंपास, आणि चिकटवायला हाताला येईल तो कागद: बियाण्यांची पाकिटं, सुरतेहून आलेले गुजराती पेपर, नवापूरहून येणाऱ्या अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा. त्यात ना झाड, ना माणूस, ना डोंगर. लाल रंग तर त्यांनी कधीच वापरला नाही. "लाल बघायला लोकांनी माझ्याकडे कशाला यावं?" ते म्हणत. "मिरची वाळत घालतात त्या पथारीवर जावं. तिथं फुकट आहे, वर ठसकाही मिळतो." मी एकदा धीर करून विचारलं, सर, हे नक्की काय काढलंय? ते म्हणाले, "आहे तेच आहे. का, तुला दुसरं काही दिसतंय?" दिसत असेल तर ते मी कोणाला सांगणार आहे, हाही प्रश्न त्यांच्या डोळ्यांत होता.

चिकटवायची खळ ते मैद्याची, घरीच शिजवत. त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कागदाला कीड लागत नाही. ही गोष्ट सगळ्या बाइंडिंगवाल्यांना ठाऊक आहे, पण सर मोरचूद घालताना माझ्याकडे पाठ करत. मी हसलो की म्हणत, "हस. उद्या तूच विकशील."

एवढ्या संशयी माणसावर उलटा संशय घ्यायची पाळी एकदा तापीकाठच्या लोकांवर आली. सर एका गावात केळीच्या बागांजवळ कागद मांडून बसले होते. पट्टी, कंपास आणि कागदावर चौकोन पाहून लोकांना वाटलं, मोजणीवाला आला. आमच्या भागात कागदावर रेघ पडली की मागून जमीन जाते, हे लोकांनी पाहिलेलं आहे. पंधरावीस जण जमले. कोणत्या खात्याचे, असं एकाने विचारलं. सर म्हणाले, "कोणत्याच नाही." त्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. शेवटी एक म्हातारी पुढे झाली, कागदावर वाकली आणि म्हणाली, "यामा मन्हं वावर कोठे शे?" सरांनी सुटका व्हावी म्हणून एका त्रिकोणावर बोट ठेवलं. म्हातारी भडकली. "मन्हं वावर चौकोनी शे. बाकीनं कोनले दिधं?"

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवीतून बियाण्याचं हिरवं पाकीट काढलं, कापलं, खळ लावली आणि त्या त्रिकोणाचा चौकोन करून दिला. म्हातारीने तो तुकडा स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवला. अंगठ्याला ओली शाई लागलेली, त्यामुळे हिरव्यावर तिचा काळा ठसा उमटला. मग चहा आला, केळी आली. तो कागद सत्तेचाळीस नंबर. "माझ्या चित्रात चूक आहे असं सांगणारी तेवढी एकच भेटली," असं सर सांगत, आणि मला वाटतं, त्यांचा जीव जडला होता तो फक्त त्या एका चित्रावर.

पुढे काही वर्षांनी मी घर बांधलं. वास्तुशांतीला सर आले ते पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक मोठं चित्र घेऊन. सगळं काळं, मध्ये करडे तुकडे. कधी कोणाला पोस्टकार्डाएवढं चित्रही न देणारा माणूस! मला गहिवरून आलं. मी स्वतःच्या हाताने त्याला सागवानी फ्रेम केली आणि बैठकीत लावलं. बायको म्हणाली, शुभकार्याला काळं कसं चालेल? मी म्हणालो, सरांनी दिलंय, चालेल.

त्यानंतर दोन वर्षांनी पुण्याच्या एका कॉलेजातल्या बाई आल्या. त्यांना कुठून तरी सरांबद्दल कळलं होतं. चित्रं पाहून त्या जमिनीवरच बसल्या. प्रदर्शन भरवू म्हणाल्या. सरांनी त्यांच्यावरही आठवडाभर संशय घेतला आणि मग हो म्हटलं. चित्रं फ्रेमसाठी माझ्या दुकानात यायची ठरली. गठ्ठा सोडला, नंबर लावले. शेहेचाळीस होता, अठ्ठेचाळीस होता. सत्तेचाळीस नव्हता.

सरांनी गठ्ठा तीनदा पाहिला. मग दुकानाचं दार आतून लावलं आणि म्हणाले, "काढ."

"सर, काय काढू?"

"सत्तेचाळीस. ते काय शे ते तुलेच ठाऊक व्हतं. दुसरा कोन लई जाई?"

मी काचा हलवल्या, पुठ्ठे उपसले, टेबलाखाली शिरलो. मुलीची शपथ घेतली. सर नुसते पाहत होते. शेवटी त्यांनी गठ्ठा बांधला. "तो नही, तर एकबी नही," म्हणाले, आणि प्रदर्शन तिथेच संपलं. बाईंनी दोन-तीनदा फोन केला, मग त्यांनीही नाद सोडला.

गावात बोभाटा झाला. "का हो, ते चित्र कितीला विकलं?" असं चहावाला मला चेष्टेने विचारायचा, आणि मला झोंबायचं. संशय माझ्याही डोक्यात शिरला. बाईंनीच नेलं असेल का? बायकोने रद्दीत घातलं असेल का? आणि एकदा तर वाटलं, सरांनीच लपवलं असेल. प्रदर्शनाची भीती वाटली आणि माझ्या डोक्यावर खापर फोडून मोकळे झाले. हे मी बोललो नाही, पण मनात धरलं. सर समोरून आले की रस्ता बदलायचे. मीही बदलायला लागलो. एकाच गावात सहा वर्षं आम्ही एकमेकांच्या पाठी पाहिल्या.

मग सरांना त्यांच्या मुलाने सुरतेला नेलं. मुलगा भला आहे. त्याचा अधूनमधून फोन यायचा. सरांना विसरण्याचा आजार जडला होता. सून साबण चोरते, शेजारी वर्तमानपत्र चोरतो, असं चाललेलं असायचं. "काका, तुमचंही नाव घेतात," तो ओशाळून म्हणायचा, "पण मनावर घेऊ नका. आबांच्या बोलण्याला आता काही अर्थ नाही. आम्ही नुसतं हो हो म्हणतो."

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी बैठकीतली फ्रेम उतरवली, तर काचेच्या आत कसर फिरत होती. मी थक्क झालो. सरांच्या चित्राला कीड? मागचा पुठ्ठा खोलला. खळ सगळी खाल्लेली, तुकडे सुटून हलत होते. मोरचूद घातलंच नव्हतं. एक काळा त्रिकोण माझ्या हातात आला. त्याच्याखाली हिरवं पाकीट होतं आणि हिरव्यावर अंगठा. हिरवं ज्यावर चिकटवलं होतं तो कागदाचा तुकडा मी सुरीने अलगद उचलून उलटा केला. तीन ठिपके. सत्तेचाळीस.

सरांनी माझ्या घरासाठी त्यांचं लाडकं चित्र कापलं होतं, त्यावर काळं चिकटवलं होतं, आणि ते विसरून गेले होते. आजार तेव्हाच सुरू झाला असणार. आम्ही त्याला स्वभाव समजलो. खरं सांगतो, आधी मला वाईट वाटलं नाही, राग आला. इतकी वर्षं मी चोर, आणि माल माझ्याच भिंतीवर! पुरावा चादरीत गुंडाळला आणि सुरतेची गाडी धरली. नवापूर जाईपर्यंत मी मनात सगळं भाषण तयार केलं: हे तुमचे ठिपके, ही तुमची खळ, हे कापलं कोणी? तुम्हीच ना?

सर खुर्चीत बसले होते. एवढेसे झाले होते. मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. मुलगा त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "आबा, नंदुरबारचे काका आलेत. त्यांच्यावर आळ घेऊ नका हं." सरांनी मान खाली घातली. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही, त्याने दटावलेल्या पोरासारखी मान खाली घातली. ते मला बघवलं नाही.

मी हिरवा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, ठिपके मोजले, सुलटा केला, अंगठ्यावर अंगठा ठेवला. मग वर पाहिलं. डोळे अगदी पहिल्यासारखे.

"कोठे व्हतं?"

"मन्हा घरमा, सर."

"तूच लिधं ना?"

भाषण घशाशी आलं होतं. मी मुलाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"हो सर. मीच लिधं."

सर ताडकन सरळ बसले. "दख!" ते मुलावर ओरडले, "मी सांगी ऱ्हायंतू ना? सांगी ऱ्हायंतू ना मी? मन्हं डोकं ठिकानवर शे!" आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलगा माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की काय सांगू. ती नजर मी घेतली. सरांनी थोड्या वेळाने तुकडा मला परत दिला. "ठेव आते तुन्हाजोडेच," म्हणाले, "फ्रेम नीट कर. मोरचूद टाकजो."

दोन महिन्यांनी सर गेले. मी मैद्याची खळ शिजवली, मोरचूद घातलं, सगळे तुकडे जागच्या जागी बसवले. फक्त हिरवा आता वर ठेवला आहे. चित्र दुकानात, गल्ल्याच्या मागे असतं. गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे हो? मी सांगतो, चोरीचं आहे.