उंटाचे मागचे पाय

जैसलमेरची जेवढी माहिती आमच्या साडूंना आहे तेवढी खुद्द जैसलमेरलाही नसेल. किल्ल्यातल्या कुठल्या बोळात वळलं की गार सावली लागते, गडीसर तळ्याच्या कुठल्या पायरीवर सकाळचं ऊन आधी येतं, ओसाड कुलधरा गाव कधी गाठलं म्हणजे गर्दी नसते, सरहद्दीजवळचं तनोटचं देऊळ बघून दिवसाउजेडी परत यायचं तर किती वाजता निघावं, सगळं त्यांना तोंडपाठ. हाच माणूस आपल्याच गावात मंगळवार पेठेतून महाद्वार रोडला निघाला की वाटेत तीनदा रस्ता विचारतो. आणि जैसलमेर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. सात वर्षं ते नुसते निघत होते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे काही मागितलं नाही. एकदा टीव्हीवर वाळवंट बघताना एवढंच म्हणाल्या, "मला एकदा उंटावर बसायचंय." साडूंनी टीव्ही बंद केला आणि वही काढली. त्या दिवसापासून दर रविवारी चार वाजता त्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, सहलीची बैठक भरू लागली आणि आम्हां नवरा-बायकोला हजेरी सक्तीची झाली. एवढ्या बैठकांत एखादा नवा देश स्थापन करून त्याचं मंत्रिमंडळही दोनदा बदलून झालं असतं.

साडूंच्या वाचनात आलं की उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, आणि वरचा माणूस गाफील असला तर त्याच्या मानेवरून थेट वाळूत जातो. "सराव पायजे," ते म्हणाले. "बिनसरावाचं आपल्याकडं कुस्तीला कोण मातीत उतरतंय व्हय?" सोप्यात एक सागवानी बाक होता. त्यावर अक्का दोन्हीकडे पाय सोडून बसल्या. पुढचे पाय साडू. मागचे पाय मी.

"हां पावणं, उचला मागचं! अगं, मागं झुक! झुक की! ती काय बैलगाडी हाय नुसतं बसून ऱ्हायला?"

अक्का झुकायच्या, हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या. मग साडू कण्हत पुढचं टोक उचलायचे आणि बाक अधांतरी डुलायचा. हे दर रविवारी, सात वर्षं. माझी कंबर इतकी गेली की डॉक्टरांनी विचारलं, "ओझ्याचं काम करता का?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या.

आता इतकी तयारी असून गाडं अडलं कुठं? उसात. साडूंचा दोन एकर ऊस कोडोलीला. कारखान्याची तोड दिवाळीनंतर सुरू होते ती शिमग्यापर्यंत, आणि त्यात आपली पाळी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. नेमकं त्याच दिवसांत वाळवंट माणसाला सोसवतं. दरवर्षी तिकिटं निघायची, दरवर्षी आदल्या आठवड्यात शेतावरून फोन यायचा की ऊसतोडीची टोळी येतेय, आणि दरवर्षी अक्का भरलेली बॅग निमूट रिकामी करायच्या. एका वर्षी साडूंनी मे महिन्यात जायची टूम काढली. "अंगाला दही चोळून जाऊ की!" त्या दिवशी मी प्रथमच बैठकीतून उठून गेलो.

तिथल्या हॉटेलवाल्याला ते फोन करत. पहिल्या वर्षी विचारलं, "तांबडा रस्सा मिलता क्या?" दुसऱ्या वर्षी समजावलं, "हम तो आनेवालेच है, लेकिन ऊस जाना मंगता ना!" पुढं पुढं तो भला माणूस फोन उचलल्याबरोबर आधी विचारायचा, "गन्ना कट गया, साहब?"

या थंडीत डॉक्टरांनी अक्कांचे गुडघे तपासून सांगितलं, महिन्याभरात ऑपरेशन. त्यानंतर उंटबिंट विसरा. तिकिटं पुढच्याच आठवड्याची होती. आणि शेतावरून फोन आलाच. साडू वही मिटून म्हणाले, "बघू की फुडल्या साली."

अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, "ऊस फुडल्या साली येतोय की परत. माझं गुडघं येत्यात व्हय?"

मी इतका थकलो होतो की तोंडातून निघून गेलं, "तुम्ही तिघं जावा. ऊस मी बघतो."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची किडनी मागितली. पण गेले. मी रजा टाकून कोडोलीच्या बांधावर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी साडूंचं नाक, मग वाळू, मग पुन्हा नाक.

"पावणं, ऊस बुडख्यातनं तोडतायत न्हवं? वर ठेवू देऊ नका!"

"अहो, उंट दाखवा!"

फोन माझ्या बायकोनं हिसकावला, तेव्हा दिसलं. अक्का उंटावर होत्या. उंटानं मागचे पाय ताठ केले आणि अक्का अशा काही मागं रेलल्या की उंटवाला बघतच राहिला. "माँजी, पहले भी बैठी हो क्या?"

"हां," साडू ओरडले, "सात साल से!"

अक्का वरून हात हलवत होत्या. "दाजी," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बाक जरा जास्तच जोरात उचलत हुता." मग फोन परत साडूंच्या हातात गेला, पडदा वाळूकडे वळला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. साडूंचं नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

ऑपरेशन झालं. अक्का काठी घेऊन अंगणात चालतात. बैठका बंद झाल्या. पण पाय सवयीचे गुलाम, परवा रविवारी चारला मी जाऊन त्या बाकावर टेकलो. चहा आला. वही कुठं दिसत नव्हती. बोलायला विषय म्हणून नव्हता. साडू उठले, माझ्या मागं गेले. मला वाटलं, खिडकी लावताहेत. तेवढ्यात बाक मागून हलला.

"झुका, पावणं," ते म्हणाले.

आता त्यांच्यात तेवढा जोर राहिलेला नाही. बाक चार बोटंच उठला असेल. पण मी चांगला मागं झुकलो.