हातोडा थांबला की
खडी फुटताना येणारा तो जळकट वास आला, की बहात्तरच्या दुष्काळातली माझी वहिनी आठवते. घरातला पहिला बी.ए. मी, पण तेव्हा काष्टीजवळ दुष्काळी कामावर तिच्या शेजारी बसून खडी फोडत होतो. तिला आठवा महिना होता. हातोडा पडला, की पोटातलं बाळ लाथ मारायचं. “काकावर गेलंय, गप बसत न्हाई,” ती म्हणायची. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. अशाच एका दिवशी सगळा माळ मुका होता आणि सकाळपासून तिचं पोटही. “भावजी, आत कुनीच न्हाई असं वाटतंय,” वहिनी हळूच म्हणाली. मी दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. आईनं मात्र हातोडा उचलून दारातल्या दगडावर घातला. “हाललं!” वहिनी ओरडली. आई थांबली, तसं तेही थांबलं. पुन्हा ठोका, पुन्हा लाथ. “सोड आता बैल, दवाखाना नगं,” आई म्हणाली. मी सोडले नाहीत. मग आईही दगड-हातोडा घेऊन गाडीत बसली आणि वाटभर ठोकत राहिली. ती दमली, तेव्हा हातोडा मी घेतला. पुतण्या आता पन्नाशीचा आहे. मी शिकलेला माणूस, असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी दवाखान्याचं दार येईपर्यंत हात थांबवायची माझी छाती झाली नाही.